आणखी एकच डाव!

मावळ तालुक्यातील बेडसे गावी तुमच्या वर्गाची सहल गेली आहे असे समजा. गाव मागे टाकून डोंगराच्या पायथ्याशी आले की लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या लागतात. त्या चारशेच्या आसपास आहेत. पहिल्या शंभर पायऱ्या सगळे धावत चढतात. दुसऱ्या शंभरांत बोलणे कमी होते. तिसऱ्या शंभरांत कोणीतरी हळूच पाण्याची बाटली काढतो. वर पोहोचल्यावरही चैत्यगृह एकदम दिसत नाही, कारण कारागिरांनी समोरचा कातळ पुरता फोडलेला नाही. त्या कातळातील अरुंद बोळातून आत जावे लागते आणि मग अचानक उंचच उंच खांब समोर उभे राहतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर बसलेली माणसे कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले हे काम आहे.

तुम्ही लेणे पाहता, सावलीत बसून डबा खाता आणि खाली उतरता. खाली आल्यावर मात्र कोणीही म्हणत नाही, "चला, आणखी एकदा चढू या!"

आता दुसरे दृश्य पाहा. घरात एक मुलगा पडद्यासमोर बसला आहे. पडद्यावर एक जुना किल्ला आहे. त्यातही पायऱ्या आहेत, अरुंद बोळ आहेत आणि शेवटी काहीतरी मोठे पाहायला मिळणार आहे. पडद्यावरचा वीर खड्ड्यात पडून मरतो. मुलगा त्याला पुन्हा उठवतो. तो पुन्हा मरतो. जेवणाची तिसरी हाक येते. उत्तर ठरलेले असते, "आई, आणखी एकच डाव!"

पहिल्या ठिकाणी एकदा चढून समाधान होते, दुसऱ्या ठिकाणी वीसदा पडूनही होत नाही. असे का व्हावे? मुलगा आळशी आहे किंवा हट्टी आहे, एवढे म्हणून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी खेळाची रचना आणि आपला मेंदू, दोन्ही तपासले पाहिजेत.

एका किल्ल्याची ओळख

तपासणीसाठी आपण एक जुना, जगप्रसिद्ध खेळ घेऊ. जपानच्या कोनामी कंपनीने १९८६ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी तो काढला. हितोशी आकामात्सु हे त्याचे दिग्दर्शक होते. जपानी नावाचा अर्थ साधारण 'सैतानी किल्ला ड्रॅक्युला' असा होतो. १९८७ साली अमेरिकेत तो 'कॅसलव्हेनिया' या नावाने गेला आणि त्याच नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

ब्रॅम स्टोकर या लेखकाच्या १८९७ सालच्या कादंबरीतील रक्तपिपासू ड्रॅक्युला या किल्ल्याचा धनी आहे. पडका किल्ला, वटवाघळे, थडगी आणि अंधार यांच्या आधाराने भीती निर्माण करणाऱ्या अशा कथांना 'गॉथिक' म्हणतात. मराठीत नारायण धारप यांच्या भयकथा वाचणाऱ्यांना ही भीतीची गोडी चांगलीच परिचयाची आहे. भीती वाटते, पण आपण सुरक्षित आहोत हेही ठाऊक असते. त्यामुळे छाती धडधडते आणि तरीही पान उलटावेसे वाटते.

खेळाचा नायक सायमन बेलमॉन्ट हातात चाबूक घेऊन किल्ल्यात शिरतो. किल्ल्याचे सहा भाग असून प्रत्येक भागात तीन टप्पे आहेत. म्हणजे एकूण अठरा. प्रत्येक भागाच्या शेवटी एक बलाढ्य शत्रू आहे. पहिल्या भागात महाकाय वटवाघूळ आहे, दुसऱ्यात केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा, आणि शेवटच्यात स्वतः ड्रॅक्युला. सायमनची शक्ती सोळा रेघांनी दाखवलेली असते. सगळ्या रेघा गेल्या की एक जीव गेला. हाती असलेले सगळे जीव गेले, तरी त्या भागाच्या आरंभापासून पुन्हा सुरुवात करता येते.

१९९० च्या दशकात आपल्याकडे दूरदर्शन संचाला जोडायची अशीच खेळयंत्रे शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून विकली जाऊ लागली. त्यांतली बरीचशी या जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्यात घालायच्या खोक्याला मुले 'कॅसेट' म्हणत. तुमच्या आईवडिलांना विचारा. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी ती कॅसेट फुंकर मारून यंत्रात बसवलेली असेल.

सूरपारंब्यांतली उडी

या खेळाचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे सायमनची उडी. त्याने एकदा जमीन सोडली की हवेत दिशा बदलता येत नाही. सूरपारंब्या खेळताना फांदी सोडली की परत धरता येत नाही, तसेच हे. चाबूकही कळ दाबताक्षणी लागत नाही. हात मागे जातो, मग चाबूक सुटतो. म्हणून शत्रू जवळ आल्यावर मारून उपयोग नसतो. तो कुठे येणार हे ओळखून आधी मारावे लागते. शिवाय शत्रूचा धक्का लागला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे बहुधा खड्डा असतो!

हे सारे जाचक वाटेल, पण त्याचा मनावर होणारा परिणाम वेगळाच आहे. यंत्र नेहमी ठरलेल्या नियमानेच वागते. त्यामुळे खड्ड्यात पडल्यावर खेळाडू म्हणतो, "मी जरा लवकर उडी मारली." दोष नशिबाचा नाही, आपला आहे; आणि आपला दोष आपल्याला सुधारता येतो. ज्या अपयशाचे कारण समजते आणि जे दूर करणे आपल्या हातात असते, ते अपयश आपल्याला निराश न करता पुन्हा प्रयत्नाला लावते. गणिताचे उत्तर चुकले आणि चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते दिसले, तर तुम्हीही लगेच खोडरबर शोधता.

हवेत काढलेला साइन वक्र

शत्रूंच्या हालचालींतही नियम आहेत. त्यांपैकी एक तर तुमच्या गणिताच्या पुस्तकातलाच आहे. या खेळात मेड्युसाची मुंडकी हवेतून नागमोडी वाटेने उडत येतात. ती आडव्या दिशेने एकसारख्या वेगाने सरकतात आणि त्याच वेळी झोपाळ्यासारखी वर-खाली झुलतात. एकसारखी सरळ गती आणि आवर्त गती यांच्या संयोगाने जो वक्र तयार होतो, तो साइन वक्र. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला ज्यावक्र म्हणत.

या वक्राचा एक गुण लक्षात घ्या. मधल्या रेषेवरून जाताना वर-खाली होण्याचा वेग सर्वांत जास्त असतो. शिखरावर आणि तळाशी तो क्षणभर शून्य होतो. मुंडके शिखरावर असताना त्याच्या खालून निसटायला थोडी उसंत मिळते. ते मधल्या रेषेवर असताना अंदाज चुकण्याचा धोका सर्वांत मोठा. खेळाडूला त्रिकोणमिती येत नसेल, पण वीस-पंचवीस प्रयत्नांत त्याचा मेंदू हा वक्र शिकतो. क्रिकेटमध्ये उंच उडालेला झेल घेणारा मुलगा समीकरण न सोडवता चेंडूखाली पोहोचतो, तसेच हे आहे.

किल्ल्याच्या पाचव्या भागात, मृत्युदेवतेच्या दारापाशी नेणारी एक वाट आहे. समोरून चिलखत घातलेले शिपाई कुऱ्हाडी फेकतात आणि त्याच वेळी ही मुंडकी नागमोडी येत राहतात. जगभरचे खेळाडू या वाटेवर अडकलेले आहेत. इथे दोन वेगवेगळ्या लयी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. अगदी सोपे काम कंटाळवाणे होते आणि अगदी अवघड काम धास्ती निर्माण करते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात काम असेल तर माणूस त्यात बुडून जातो आणि वेळेचे भान हरपते. मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली या तल्लीन अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. चांगल्या खेळाची चढण खेळाडूला सतत याच पट्ट्यात ठेवते.

मेणबत्तीत काय आहे?

किल्ल्यात जागोजागी मेणबत्त्या आहेत. चाबकाने मेणबत्ती फोडली की त्यातून कधी लहान हृदय पडते, कधी मोठे, कधी कुऱ्हाड, कधी पवित्र जल. यात काय मिळेल हे नवख्याला ठाऊक नसते. काही भिंतींतही खाद्य लपवलेले आहे. ते मिळाले की गेलेली शक्ती परत येते. एकदा अशी भिंत सापडली की खेळाडू पुढच्या प्रत्येक भिंतीवर चाबूक मारून पाहू लागतो.

या वागण्याचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत सापडतो. पेटीतल्या कबुतराने ठराविक ठिकाणी चोच मारली की त्याला दाणा मिळे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली अशा प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दाणा ठराविक चोचींनंतर दिला, तर कबुतर दाणा मिळाल्यावर थोडे थांबते. दाणा कधी तिसऱ्या, कधी दहाव्या, कधी पहिल्याच चोचीला दिला, तर ते न थांबता चोच मारत राहते. इतकेच नव्हे, दाणे देणे बंद केल्यावरही ते बराच काळ प्रयत्न सोडत नाही. अनिश्चित बक्षिसाने लागलेली सवय सुटायला सर्वांत कठीण असते.

मेंदूत हे कसे घडते? वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या चेतापेशींचा अभ्यास केला. अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी जोराने उद्दीपित होत. पुढे, दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकडाला कळले, की पेशी दिवा पाहूनच उद्दीपित होत; रस मिळताना मात्र विशेष काही घडत नसे. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षा मंदावे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात याचा अर्थ असा मांडला गेला की या पेशी एक वजाबाकी करतात:

मिळालेले बक्षीस − अपेक्षित बक्षीस = फरक

फरक धन आला की मेंदू शिकतो, "हे पुन्हा कर." डोपामीनला नुसते 'आनंदाचे रसायन' म्हणणे त्यामुळे अपुरे आहे. ते शिकण्याचे आणि ओढीचेही रसायन आहे. १९९८ साली लंडनमध्ये आठ स्वयंसेवकांना पडद्यावर रणगाडा चालवण्याचा खेळ दिला, तेव्हा खेळत असताना त्यांच्या मेंदूच्या अंतर्भागात डोपामीन अधिक स्रवत असल्याचे दिसून आले.

'एकच डाव' याचे गणित

अर्धवट राहिलेले काम माणसाला स्वस्थ बसू देत नाही. मारिया ओव्हसियान्किना या संशोधिकेने १९२८ साली दाखवले, की एखादे काम मध्येच थांबवले तर संधी मिळताच लोक कोणी न सांगता, बक्षिसाशिवायही, ते पुन्हा हाती घेतात. किल्ल्याच्या एका भागातून दुसऱ्यात जाताना पडद्यावर नकाशा दिसतो. केवढे झाले आणि केवढे उरले ते कळते. पूर्ततेच्या जवळ आलेले काम सोडणे आणखीच अवघड होते.

"आणखी एकच डाव" म्हणणारा खोटे बोलत नसतो. त्याचा अंदाज चुकत असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, ती मृत्युदेवतेची वाट पार करण्याची शक्यता प्रत्येक डावात १/८ आहे आणि एका डावाला ४ मिनिटे लागतात. सरासरीने ८ डाव, म्हणजे ३२ मिनिटे लागतील. पण आठही डाव फसण्याची शक्यता किती?

७/८ चा आठवा घात = सुमारे ०.३४

म्हणजे अशा तीन खेळाडूंपैकी एक जण अर्ध्या तासानंतरही तिथेच असेल! प्रत्येक डाव मात्र चारच मिनिटांचा असल्यामुळे प्रत्येक वेळी मागणी लहान वाटते. सरावाने ही शक्यता वाढत जाते हे खरे. पण ती वाढत आहे ही जाणीवच खेळाडूला खुर्चीवर बसवून ठेवते.

थांबा कोठे आहे?

आता बेडशाच्या पायऱ्यांकडे परत या. तिथे पुन्हा चढावेसे का वाटले नाही? पहिले कारण पाय दुखतात. दुसरे, पुन्हा प्रयत्न करायचा तर चारशे पायऱ्यांची किंमत मोजावी लागते. तिसरे, शेवट स्पष्ट आहे; शेवटची पायरी आली की चढण संपली. चौथे, ऊन कलते आणि सर शिट्टी वाजवतात. निसर्गाने आणि माणसांनी तिथे थांबे ठेवलेले आहेत. पडद्यावरच्या किल्ल्यात मात्र पुन्हा उठायला काही सेकंद आणि एक बोट पुरते.

तरीही त्या जुन्या खेळात थांबे होते. प्रत्येक भागानंतर दार होते. अठराव्या टप्प्यानंतर ड्रॅक्युला मरतो, किल्ला कोसळतो आणि नामावली येते. पुढे तोच खेळ अधिक कठीण होऊन पुन्हा सुरू होतो, परंतु 'झाले एकदाचे' असे म्हणण्याची जागा मिळालेली असते. घरातही थांबे होते. संच एकच असे. सातच्या बातम्या लागल्या की तो मोठ्यांच्या ताब्यात जाई. आणि वीज गेली की वीर, किल्ला आणि राक्षस सारे एकदमच नाहीसे होत!

आजच्या भ्रमणध्वनीवरील अनेक खेळांतून हे थांबे काढून टाकलेले आहेत. त्यांना शेवटचा टप्पा नसतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. खेळ बंद केला तरी सूचना येऊन बोलावते. काही खेळांत मेणबत्तीच्या जागी पैसे देऊन उघडायची पेटी आली आहे, आणि आत काय आहे हे आधी कळत नाही. बेल्जियमने २०१८ साली अशा सशुल्क पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. जुना खेळ एकदाच विकला जाई. तो विकल्यावर तुम्ही किती वेळ खेळता याने कंपनीच्या मिळकतीत फरक पडत नसे. आजच्या पुष्कळ खेळांची मिळकत तुम्ही किती वेळ थांबता आणि किती वेळा परत येता यावर अवलंबून असते. मेंदूचे नियम तेच राहिले. त्यांचा उपयोग कशासाठी करायचा, ते बदलले.

आवड की आजार?

खूप खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'खेळ-विकार' याचा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजची कामे यांपेक्षा खेळाला वाढते महत्त्व देणे, नुकसान होत असूनही खेळणे चालू ठेवणे किंवा वाढवणे. अभ्यास, कुटुंब, मैत्री यांची मोठी हानी होत असेल आणि हे सहसा बारा महिने चालू असेल, तरच तज्ज्ञ हे निदान करतात. ही लक्षणे आपल्यात किंवा मित्रात दिसत असतील, तर ते लपवू नका. घरी किंवा शिक्षकांना सांगा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी खास उपचारकेंद्र आहे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मानसिक आरोग्याविषयी विनामूल्य सल्ला देतो.

आणि लक्षणे नसतील, तर खेळाचा आनंद जरूर घ्या. फक्त थांबा आधी ठरवा. "थोडा वेळ खेळतो" हा थांबा नव्हे. "पुढचे दार आले, की जिंकलो तरी आणि हरलो तरी बंद" हा थांबा होय. तो खेळ सुरू करण्यापूर्वी ठरवायचा आणि घरात कोणाला तरी सांगायचा. खेळात बुडालेला मेंदू थांबा ठरवण्याच्या स्थितीत नसतो, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.

करून पाहा

१. दोन मित्रांना वेगवेगळे बसवा. मधे एक झाकलेला डबा ठेवा आणि डब्यावर टिचकी मारायला सांगा. पहिल्या मित्राला प्रत्येक चौथ्या टिचकीला एक शेंगदाणा द्या. दुसऱ्यासाठी प्रत्येक टिचकीला तुम्ही आडोशाने दोन नाणी उडवा. दोन्ही छापा आल्या तरच शेंगदाणा द्या. सरासरी दोघांची सारखीच, चारांत एक. चाळीस टिचक्यांनंतर न सांगता शेंगदाणे बंद करा आणि कोण किती टिचक्यांनंतर कंटाळून उठतो ते मोजा. शेवटी दोघांनाही प्रयोग समजावून सांगा आणि उरलेले शेंगदाणे वाटून खा.

२. आवडता खेळ सुरू करताना घड्याळ झाकून ठेवा. थांबल्यावर किती वेळ गेला याचा अंदाज लिहा आणि खरा वेळ पाहा. भूगोलाचा धडा वाचतानाही असेच करा. दोन्ही अंदाजांतील चुका कोणत्या दिशेने होतात?

शिक्षकांसाठी

पहिला प्रयोग वर्गात आठ-दहा जोड्यांवर करून सरासरी फळ्यावर मांडावी. एका जोडीवरून निष्कर्ष का काढू नये, हे त्यातून आपोआप समजेल.

विचार करा

१. वरील उदाहरणात १६ डाव फसण्याची शक्यता किती?

२. तुमच्या आवडत्या खेळात थांबे कोठे आहेत? ते कोणी ठेवले आहेत, आणि काढले असतील तर कोणाच्या फायद्यासाठी?

३. बेडशाच्या प्रत्येक दहाव्या पायरीवर चिठ्ठ्यांची पेटी ठेवली आणि कधी कधी त्यात बक्षीस निघू लागले, तर लोक पुन्हा चढतील का? मग लेणे पाहायला कितीजण थांबतील?